‘बाबाको’ ही कसोटी का नाही?

स्मरणिकेसाठी ‘शाळेची एखादी आठवण पाठव’ असा निरोप आला, तेव्हा मनात आलं की आठवणी लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि ते माझ्याहून चांगलं लिहितात. सहल, स्नेहसंमेलन, पावसात गळणारा वर्ग हे सगळं त्यांच्याकडे सोपवते. मी इंजिनिअर झाले आणि गेली वीसेक वर्षं सॉफ्टवेअर लिहून पोट भरते. माझ्या वाट्याला गणिताचा तास आला तर कुणाची हरकत नसावी. म्हणून इथे एका प्रश्नाचा इतिहास लिहिते आहे. प्रश्न आपल्याच वर्गातला आहे आणि त्याच्या इतिहासाचं एक टोक आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला आहे.

एकरूपतेच्या कसोट्या आपण पाढ्यांसारख्या म्हणायचो. बाबाबा, बाकोबा, कोबाको, कोकोबा आणि काटकोन त्रिकोणाची वेगळी कर्णभुजा. त्यावर कुणीतरी विचारायचंच, “बाई, मग बाबाको का नाही?” वर्गात हशा पिकायचा, कारण तो शब्द ऐकायलाच गमतीचा. बाई फळ्यावर दोन त्रिकोण काढून दाखवायच्या आणि पोर्शन पुरा करायचा म्हणून पुढे जायच्या. प्रश्न मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. तेवीसशे वर्षं तो भल्याभल्यांना विचार करायला लावत आला आहे.

समजा, दोन पांदणी एकमेकींना ३० अंशांच्या कोनात मिळतात. मिळतात त्या जागेपासून एका पांदणीवर १० मीटरवर खुंटी ठोकली आणि तिला ६ मीटरच्या दोराने शेळी बांधली. दोर ताणून धरला तर शेळी दुसऱ्या पांदणीवर कुठे पोचेल? खुंटीपासून त्या पांदणीचं लंबांतर ५ मीटर आहे आणि दोर ६ मीटरचा, म्हणजे शेळी दोन जागी पोचते. एक जागा कोपऱ्यापासून सव्वापाच मीटरच्या जरा पुढे, दुसरी जवळजवळ १२ मीटरवर. दोन्ही वेळा एक बाजू १० मीटर, दुसरी ६ मीटर, कोपऱ्यातला कोन ३० अंश. बाबाको तंतोतंत जुळलं, त्रिकोण मात्र दोन निघाले. दोर बरोबर ५ मीटरचा असता तर एकच जागा मिळाली असती. त्याहून आखूड असता तर शेळी पांदणीपर्यंत पोचलीच नसती. दहाहून लांब असता तर पुन्हा एकच. (कर्णभुजा कसोटी म्हणजे खरं तर बाबाकोच आहे. दिलेला कोन काटकोन असल्यामुळे दुसरा कोन विशाल होऊच शकत नाही, एवढ्याच जोरावर तिला कसोट्यांच्या पंक्तीत पाट मिळाला.)

दहावीला आपण काटकोन त्रिकोणापाशी थांबलो. ज्यांनी पुढे विज्ञान घेतलं त्यांना साइनचा नियम भेटला: कुठल्याही त्रिकोणात प्रत्येक बाजूला तिच्या समोरच्या कोनाच्या साइनने भागलं तर तिन्ही भागाकार सारखे येतात. शेळीचं गणित या नियमाने करून पाहू. ६ भागिले साइन ३०, म्हणजे १२. मग १० मीटरच्या बाजूसमोरच्या कोनाची साइन १० भागिले १२, म्हणजे ०.८३३३. तक्त्यात पाहिलं तर कोन ५६.४४ अंश. कॅल्क्युलेटरही तेच सांगतो आणि गप्प बसतो. पण १८० मधून ५६.४४ वजा केले की येणाऱ्या १२३.५६ अंशांची साइनही ०.८३३३ च असते. ३० आणि १२३.५६ मिळून १८० पेक्षा कमीच भरतात, त्यामुळे हाही कोन चालतो. दुसरी शेळी इथे उभी आहे.

आमच्या धंद्यात साइनवरून कोन काढणारं तयार फंक्शन असतं. ते उणे ९० ते अधिक ९० अंशांमधलंच उत्तर देतं. ते खोटं बोलत नाही, पण विचारल्याशिवाय दुसरी शक्यता सांगतही नाही. नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना मी पहिल्या महिन्यातच हे सांगते, कारण नकाशावर दिशा काढणाऱ्या प्रोग्राममध्ये या एका गोष्टीवरून बाण उलटा फिरू शकतो.

एका साइनचे दोन कोन का, हे मला दहावीच्या वर्तुळाच्या धड्यातून सगळ्यात चांगलं दिसतं. वर्तुळात एक जीवा काढा. मोठ्या कंसावर उभं राहून तिच्याकडे पाहिलं तर ती एका लघुकोनात दिसते. लहान कंसावर जाऊन पाहिलं तर विशालकोनात. हे दोन कोन मिळून १८० अंश, कारण चक्रीय चौकोनाचे संमुख कोन पूरक असतात. जीवा तीच आणि वर्तुळही तेच. साइनच्या नियमातला तो समान भागाकार, आपल्या गणितातले १२, म्हणजे दुसरं काही नसून त्रिकोणाच्या परिवर्तुळाचा व्यास असतो. बाजू आणि व्यास यांवरून साइन ठरते. पाहणारा कुठल्या कंसावर उभा आहे, हे तिला ठाऊक नसतं.

युक्लिडला ही अडचण माहीत होती. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराच्या त्याच्या ग्रंथात बाबाको नावाची कसोटी नाही. सहाव्या पुस्तकातल्या सातव्या विधानात समरूपतेसाठी मात्र तिला आत घेतलं आहे, तेही अट घालून: उरलेले कोन दोन्ही त्रिकोणांत काटकोनाहून लहान तरी असावेत किंवा दोन्हींत लहान नसावेत. म्हणजे शेळी कोणत्या जागी आहे ते आधी सांगा, मग पुढे बोलू.

आपल्याकडे हा नियम वेगळ्या दारातून आला आणि त्याचं नाव मला फार आवडतं. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. त्यात परिवर्तुळाच्या त्रिज्येला ‘हृदयरज्जु’ असा शब्द आहे. त्रिकोणाच्या दोन बाजूंचा गुणाकार करा आणि तिसऱ्या बाजूवर टाकलेल्या लंबाच्या दुपटीने भागा, की हृदयरज्जु मिळते. लंब म्हणजे एक बाजू गुणिले पायथ्याच्या कोनाची साइन. ती किंमत या नियमात घाला, एक बाजू वर-खाली कटते आणि उरतो तो साइनचा नियम. ब्रह्मगुप्ताने तो आजच्या रूपात मांडला नाही, पण ऐवज सगळा तिथे आहे. ‘परिवर्तुळाची त्रिज्या’ असं सात-आठ अक्षरी नाव घोकण्याऐवजी आपल्याला हृदयरज्जु शिकवली असती, तर काही जणांची भूमितीशी सोयरीक टिकली असती असं मला उगाच वाटतं.

साइन हा शब्दही फिरून आलेला आहे. धनुष्याची दोरी ती ‘ज्या’ किंवा ‘जीवा’. अरबांनी ‘जीवा’चा उच्चार आपल्या लिपीत उतरवला, तो पुढे ‘जैब’ म्हणजे कपड्याचा खिसा असा वाचला गेला, आणि लॅटिन भाषांतरकारांनी त्या अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द घेतला. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, म्हणून इथे एवढंच.

कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, आपले ज्योतिर्गणिती बाजू काढण्यापेक्षा कोन काढण्यासाठीच ज्येचा जास्त वापर करत. ग्रह आकाशात सरासरी गतीने जिथे असायला हवा तिथून थोडा पुढे-मागे दिसतो. ही दुरुस्ती म्हणजे एका त्रिकोणातला अज्ञात कोन. लहान वर्तुळाच्या त्रिज्येला माहीत असलेल्या कोनाच्या ज्येने गुणायचं, कर्णाने भागायचं, आलेल्या ज्येवरून ‘चाप’ काढायचा. तंतोतंत साइनचा नियम. आर्यभटाच्या पाचव्या शतकाच्या अखेरच्या ग्रंथात पावणेचार-पावणेचार अंशांच्या टप्प्याने चोवीस ज्या दिल्या आहेत. त्यांचा तक्ता उलटा वाचून कोन निघे. दोन उत्तरांच्या घोळात ते सापडले नाहीत, कारण शोधायचा कोन नेहमी त्रिकोणाच्या लहान बाजूसमोर असे. लहान बाजूसमोरचा कोन विशाल होऊच शकत नाही, कारण तसा झाला तर तिच्याहून मोठ्या बाजूसमोर आणखी मोठा कोन लागेल आणि एका त्रिकोणात दोन विशालकोन मावत नाहीत. आपल्या शेळीच्या गणितात ६ मीटरच्या बाजूसमोरचा कोन दिलेला होता आणि १० मीटरच्या बाजूसमोरचा विचारला होता. घोळ तिथून सुरू झाला.

पुढचे टप्पे लवकर उरकते. दहाव्या-अकराव्या शतकात अबुल वफा, अबू नस्र मन्सूर आणि इतरांनी गोलावरच्या त्रिकोणांसाठी हा नियम सिद्ध केला, आणि पहिला मान कुणाचा यावर त्यांच्यात वादही झाला. नसीरुद्दीन तुसीने १२६० च्या सुमारास सपाट त्रिकोणांसाठी तो स्वच्छ मांडला. युरोपात रेजिओमोंटानसने १४६४ मध्ये त्रिकोणांवर ग्रंथ लिहिला. तो छापून निघाला १५३३ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तावन्न वर्षांनी. त्यातही बाबाकोचं प्रकरण वेगळं काढलेलं आहे: दिलेला कोन लघुकोन असेल तर एवढ्या माहितीवर उत्तर पक्कं होत नाही.

इथवर त्रिकोण बहुतेक आकाशात होते. ते जमिनीवर उतरवण्याचं मोठं काम हॉलंडमध्ये स्नेलियसने केलं. हे तेच, ज्यांच्या नावाचा प्रकाशाच्या वक्रीभवनाचा नियम आपण पाठ केला होता. त्यांनी चर्चचे मनोरे हे त्रिकोणांचे शिरोबिंदू मानले, एक छोटं अंतर जमिनीवर प्रत्यक्ष मोजलं आणि बाकीची अंतरं कोनांवरून काढत नेली. १६१७ मध्ये त्यांनी पृथ्वीचा घेर प्रसिद्ध केला, त्यात चूक चार टक्क्यांहून कमी होती. त्याच कामात त्यांनी लायडनमधल्या स्वतःच्या घराची जागा काढली. घरातून तीन मनोरे दिसत, त्यांच्यामधले दोन कोन मोजले. मनोऱ्यांपाशी होणारे दोन कोन मात्र अज्ञात होते. त्यांची बेरीज माहीत होती आणि त्यांच्या साइनचं गुणोत्तर माहीत होतं. तेवढ्यावर दोन्ही कोन सुटले.

आता हिंदुस्थानात येऊ. टिपूच्या पाडावानंतर विल्यम लॅम्बटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने कंपनी सरकारपुढे योजना मांडली की द्वीपकल्पाची मोजणी त्रिकोणांनी करावी. सरकारला नकाशे हवे होते, महसूल आणि फौज दोन्हींसाठी. लॅम्बटनला पृथ्वीचा आकार हवा होता. दोघांचं जमलं. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी आधाररेषा मोजायला सुरुवात झाली. साडेसात मैल लांबीची सरळ रेषा, शंभर फुटी पोलादी साखळीने, एकापुढे एक चारशे वेळा. ही साखळी मुळात चीनच्या बादशहाला द्यायच्या नजराण्यांबरोबर गेली होती. त्या दरबारात तिचं चीज झालं नाही आणि ती कलकत्त्यात येऊन पडली होती. उन्हात पोलाद लांबतं, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून शेजारी तापमापक लावले होते. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन ज्यांना आठवतं त्यांना या खटाटोपाची कल्पना येईल.

एवढी एक बाजू मोजली की साखळीचं काम जवळजवळ संपतं. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीवरचा झेंडा पाहायचा आणि कोन मोजायचे. साइनच्या नियमाने उरलेल्या दोन बाजू मिळतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. असं करत करत टेकडीवरून टेकडीवर, त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचं. कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. इंग्लंडहून येताना तो फ्रेंचांनी जहाजासकट पकडून मॉरिशसला नेला आणि मग सौजन्यपूर्वक परत पाठवला. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या मंदिरावर तो चढवत असताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून त्याचं वर्तुळ वाकडं झालं. लॅम्बटनने काही आठवडे स्वतः बसून ते पुन्हा गोल केलं.

या सगळ्या कामात एक नियम पाळला जाई आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. साइनचा नियम बाजू काढण्यासाठी वापरायचा, कोन मात्र शक्य तिथे यंत्राने मोजायचाच. दोन कोन कळले तर तिसरा १८० मधून वजा करून मिळतो, हे पाचवी-सहावीतलं मूलही सांगेल. तरी मुख्य त्रिकोणांत तिन्ही डोंगरांवर यंत्र चढवून तिन्ही कोन मोजायचे. बेरीज जुळते का, हीच चुकीवरची पाळत. तीही बरोबर १८० अंश यायची नसते, कारण पृथ्वी गोल आहे. पन्नास-पन्नास किलोमीटर बाजूंच्या त्रिकोणात बेरीज साधारण साडेपाच सेकंदांनी जास्त भरते. (एक सेकंद म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग.) लेजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिलं होतं की ही जादा रक्कम तिन्ही कोनांतून सारखी वजा केली की सपाट त्रिकोणाचा साइनचा नियम बिनधास्त वापरता येतो.

बाजूवरून कोन काढायला मोजणीदार बिचकत, याचं दोन उत्तरांखेरीज आणखी एक कारण आहे. चार दशांशांचा साइनचा तक्ता आठवा. ३० अंशांची साइन ०.५०००, ३५ ची ०.५७३६. पाच अंशांत चांगला फरक पडला. पण ८५ अंशांची ०.९९६२ आणि ९० ची १.००००. म्हणजे पाच अंशांत फरक चार हजारांश सुद्धा नाही. ८९ अंश २६ मिनिटांच्या पुढचे सगळे कोन त्या तक्त्यात १.०००० असेच दिसतात. काटकोनाच्या आसपास बाजू मोजण्यात केसाएवढी चूक झाली तर साइनवरून काढलेला कोन हातभर हुकतो. उलट दिशेने, कोनावरून बाजू काढताना, हाच गुण फायद्याचा. तिथे काटकोनाजवळचा कोन थोडा चुकला तरी बाजू हलत नाही. सूत्र एकच असतं, पण जाण्याची आणि येण्याची वाट सारखी नसते. आम्ही प्रोग्राम लिहिणारे हे विसरलो की फार महागात पडतं.

तरीही एका ठिकाणी कोन साइनच्या नियमानेच काढावा लागे. मंदिराचं शिखर किंवा मशिदीचा मिनार हा शिरोबिंदू असेल तर लांबून त्याचं टोक दिसतं, पण त्या टोकावर यंत्र मांडता येत नाही. मग ते शेजारी दोन-तीन मीटरवर मांडायचं, तिथून कोन मोजायचे आणि नंतर दुरुस्त करून शिखरावर आणायचे. समजा यंत्र शिखरापासून ३ मीटरवर आहे आणि दूरची टेकडी २० किलोमीटरवर. शिखर, यंत्र आणि टेकडी हा एक लांबट, सुईसारखा त्रिकोण. टेकडीपाशी होणारा त्याचा कोन अज्ञात. त्याची साइन म्हणजे ३ गुणिले यंत्रापाशी मोजलेल्या कोनाची साइन, भागिले २०,०००. यंत्रापाशी काटकोन असेल तर उत्तर येतं सुमारे ३१ सेकंद. सेकंदासेकंदाचा हिशेब ठेवणाऱ्या कामात हे डोंगराएवढं. पण पाहा, इथे शोधायचा कोन ३ मीटरच्या चिमुकल्या बाजूसमोर आहे. तो विशाल असण्याचा प्रश्नच नाही. काटकोनाजवळ तो फिरकत नाही, म्हणून तक्ताही बारीक फरक दाखवतो. ग्रहांच्या गणितात आपल्या जुन्या मंडळींना जी सोय मिळाली होती, तीच मोजणीदारांनी इथे वापरली. कोन साइनने काढायचा असेल तर लहान बाजूसमोरचा काढा. वर्गात आपण हा नियम म्हणून ऐकला असेल, पण त्याचा उपयोग कुणी असा उन्हातान्हात केला आहे हे कळलं की तो वेगळा दिसतो.

हे सगळं मोजून आणल्यावर खरा ढीग पडे आकडेमोडीचा. साइनचा नियम एवढा चालला, त्याचं एक अगदी व्यावहारिक कारण म्हणजे लॉगचे तक्ते. या नियमात फक्त गुणाकार आणि भागाकार आहेत. लॉग घेतले की त्यांची बेरीज-वजाबाकी होते: एका बाजूचा लॉग, अधिक एका साइनचा लॉग, उणे दुसऱ्या साइनचा लॉग. कोसाइनच्या नियमात मधेच बेरीज घुसते आणि लॉगचा पंगा होतो. अशा आकडेमोडीसाठी सर्वे खात्यात माणसं नेमलेली असत. त्यांच्या पदाचं नाव होतं कंप्यूटर.

१८३१ मध्ये राधानाथ सिकदार नावाचा हिंदू कॉलेजचा विद्यार्थी दरमहा तीस रुपयांवर कंप्यूटर म्हणून लागला, तेव्हा तो विशीतही नव्हता. लॅम्बटननंतर मोजणी जॉर्ज एव्हरेस्टच्या हाती होती आणि ती देहरादूनकडे चालली होती. सिकदार पुढे खात्याचे मुख्य कंप्यूटर झाले. शंभराहून अधिक मैलांवरून घेतलेल्या निरीक्षणांवरून पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची काढण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. २९,००२ फूट हा आकडा १८५६ मध्ये जाहीर झाला आणि शिखराला नाव मिळालं एव्हरेस्टचं. धावत येऊन ‘जगातलं सर्वांत उंच शिखर सापडलं’ म्हणून ओरडण्याची जी गोष्ट सांगतात ती मला खरी वाटत नाही. अशी उत्तरं एका दुपारी सापडत नाहीत.

त्यांच्याविषयीच्या दोन गोष्टी मात्र नोंदलेल्या आहेत. १८४३ मध्ये देहरादूनला तिथला मॅजिस्ट्रेट खात्यातल्या मजुरांना आपल्या सामानासाठी वेठीला धरत होता. सिकदार आडवे आले. त्यांच्यावर खटला झाला आणि दोनशे रुपये दंड बसला. त्यांनी तो भरला, पण प्रकरण वर्तमानपत्रात गाजलं. दुसरी गोष्ट पुस्तकाची. १८५१ मध्ये सर्वे खात्याने मोजणीची मोठी हस्तपुस्तिका काढली. तिच्या प्रस्तावनेत गणिताच्या भागांसाठी सिकदारांचं ऋण मानलेलं होतं. सिकदार १८७० मध्ये वारले. १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीत मजकूर राहिला, नाव गेलं. याच्याविरुद्ध जाहीर लिहिणारा एक इंग्रज अधिकारीच निघाला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

नाव छापलं जाऊन नंतर गाळलं गेलं, निदान तेवढं तरी सिकदारांच्या नशिबी होतं. अर्धा टन यंत्र डोंगरावर चढवणारे खलाशी, झेंडे धरून रात्रंदिवस माथ्यावर बसणारी माणसं, कृष्णा आणि गोदावरीमधल्या जंगलात तापाने आडवी झालेली तुकडी यांची नावं मला कुठे मिळाली नाहीत. त्या तापातून उठायला एव्हरेस्टला केपपर्यंत हवापालटाला जाता आलं. खलाशांना तशी सोय नव्हती. त्रिकोणाचा प्रत्येक कोन त्यांच्या खांद्यावरून आलेला आहे. देहरादूनजवळ शेवटची आधाररेषा साखळीऐवजी धातूच्या पट्ट्यांनी मोजली, आणि सिरोंजपासून शेकडो मैलांच्या त्रिकोणांतून काढलेली तिची लांबी प्रत्यक्ष मोजलेल्या लांबीशी फुटाहून कमी फरकाने जुळली. हे श्रेय सूत्राचं जितकं, तितकंच डोंगर चढणाऱ्यांचं.

लॅम्बटनने हा शेवट पाहिला नाही. वीस वर्षं मोजणी करून तो बिदरच्या पुढे आला होता. १८२३ च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरकडे जाताना त्याचा तळ हिंगणघाटला पडला आणि २० तारखेला तो तिथेच वारला. नागपूरहून हैदराबादला जाणारा आजचा महामार्गही हिंगणघाटवरूनच जातो, आणि आपल्यापैकी कितीतरी जण त्या रस्त्याने लग्नाकार्याला, नोकरीला, सासरी जाऊन आलेले आहेत. पृथ्वीचा आकार शोधत कन्याकुमारीपासून चालत आलेल्या माणसाची कबर त्या गावात आहे, हे शाळेत असताना आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकातच नव्हतं, तर सरांचा आणि बाईंचा त्यात दोष नाही.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिकडे जाणार आहे. गाडीत चार जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी आदल्या रात्री जेवणाच्या वेळी सांगावं. ऊन चढायच्या आत निघू.